कलम १७ मधील तीन इंग्रजी शब्द

विद्यार्थी मित्रांनो, इंग्रजी शब्दापुढे एक मराठी अर्थ लिहिला की आपण मोकळे होतो. परंतु जवळच्या अर्थाच्या शब्दांतील फरक कळल्याशिवाय कायदा नीट वाचता येत नाही. उदाहरणादाखल आपण भारतीय संविधानाचे १७ वे कलम घेऊ.

या कलमाने अस्पृश्यता ‘ॲबॉलिश’ केली आणि तिचे आचरण ‘फॉरबिड’ केले. ‘ॲबॉलिश’ म्हणजे रूढी किंवा पद्धत कायमची नष्ट करणे. महार वतन १९५८ च्या कायद्याने असेच नष्ट झाले. ‘फॉरबिड’ म्हणजे माणसाला एखाद्या कृत्याची मनाई करणे. सभागृहात धूम्रपान ‘फॉरबिड’ करतात, ‘ॲबॉलिश’ नव्हे. संविधानाने प्रथा तर मोडलीच, शिवाय ती पाळणाऱ्याचे हातही बांधले. म्हणून दोन्ही शब्द आवश्यक ठरले.

तिसरा शब्द ‘डिसॅबिलिटी’. ‘इनॅबिलिटी’ म्हणजे स्वतःला न जमणे. ‘डिसॅबिलिटी’चा नेहमीचा अर्थ अपंगत्व, पण या कलमात त्याचा अर्थ दुसऱ्याने लादलेली बंदी असा आहे. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी आपल्या लोकांना घेता येत नव्हते, ते अंगी बळ नव्हते म्हणून नव्हे, तर घेऊ दिले जात नव्हते म्हणून. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ते पाणी ओंजळीने पिऊन हेच दाखवून दिले. अशी बंदी लादणे हा आज शिक्षापात्र गुन्हा आहे.

हा फरक ज्याला कळला, तो लादलेल्या मागासपणाचा दोष स्वतःच्या माथी घेणार नाही. म्हणून आम्ही सांगतो, शब्दकोशाशेजारी संविधानही ठेवा. जय भीम!