निकालाच्या आकड्यामागे काय असते?

दहावीचा निकाल वाचताना मुलाच्या अभ्यासाइतकाच परीक्षेचा आराखडाही पाहावा लागतो. महाराष्ट्र बोर्डाचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये तो ७७.१० टक्क्यांवर घसरला आणि २०२० मध्ये ९५.३० टक्क्यांवर चढला. एका वर्षात राज्यभरची मुले ढ झाली आणि पुढच्या वर्षी हुशार, असे काही घडले नव्हते. २०१९ ला अभ्यासक्रम नवा होता. शिवाय भाषा आणि सामाजिक शास्त्रांतले अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण काढून टाकले होते, त्यामुळे तोंडी परीक्षेचा आधार गेला. इतर बोर्डांच्या मुलांना असे गुण मिळतात, मग अकरावी प्रवेशात आपली मुले मागे पडणार, अशी ओरड झाली आणि ते गुण परत आले. २०२० ला तर करोनामुळे भूगोलाचा पेपर झालाच नाही. २०२१ ला परीक्षा न घेता नववीचे गुण आणि शाळेतले मूल्यमापन धरले, तेव्हा निकाल लागला ९९.९५ टक्के!

‘बेस्ट ऑफ फाइव्ह’मुळेही चित्र बदलते. सहापैकी सर्वाधिक गुणांचे पाच विषय धरले जातात. गणितात ४८ आणि बाकीच्या पाचांत नव्वदच्या पुढे गुण असले, तर टक्केवारी नव्वदच्या वरच राहते. सायन्सला जायचे ठरवताना मात्र ते ४८ गुणच आधी पाहायला हवेत.

निकाल लागला की शाळेच्या फाटकावर ‘१०० टक्के निकाल’ असा फलक झळकतो. परीक्षेला बसलेली सगळी मुले पास झाली, एवढाच त्याचा अर्थ. आणि पास व्हायला ३५ गुण पुरतात. किती मुले बसली, नववीतल्या किती कच्च्या मुलांना बाहेरून बसण्यासाठी १७ नंबरचा फॉर्म भरायला सांगितले, प्रवेश देतानाच चाळणी लावली होती का, हे फलकावर नसते. निवडक मुले घेणाऱ्या शाळेचा निकाल चांगला लागणारच. त्यात शाळेने किती शिकवले हे कळत नाही. ऊसतोड मजुरांच्या मुलांना टिकवून ८५ टक्के निकाल लावणाऱ्या शाळेचे श्रेय त्याहून मोठे आहे.

शाळा निवडताना पालकांनी नववीचा पट किती होता आणि त्यातली किती मुले दहावीला बसली, हे मुख्याध्यापकांना स्पष्ट विचारावे. शाखा निवडताना गणित आणि विज्ञानाचे गुण सुटे पाहावेत. बारावीनंतर अभियांत्रिकीचा प्रवेश एमएचटी-सीईटी किंवा जेईईच्या पर्सेंटाइलवर ठरतो, दहावीच्या टक्केवारीवर नाही.