पूरक भुकटींतील जीवनसत्त्वाची मोजणी

उन्हाळ्यांत हिरवी वैरण आटते व जनावरें कोरड्या कडब्यावर येतात. हिरव्या चाऱ्यांत कॅरोटीन विपुल असतें व त्यापासून गाय आपल्या शरीरांत जीवनसत्त्व ‘अ’ तयार करते; वाळलेल्या कडब्यांत तें फारच थोडें उरतें. ही तूट फार दिवस राहिल्यास वासरांस रातांधळेपणा येतो. म्हणून पुष्कळ शेतकरी आंबोणांत पूरक भुकटी मिसळतात. पिशवीवरील आंकडा खरा कीं खोटा, हें कसें ठरवितात, तें या पाठांत पाहूं.

हें जीवनसत्त्व आंतरराष्ट्रीय एककांत सांगतात. एक एकक म्हणजे ०.३ मायक्रोग्रॅम रेटिनॉल. समजा, एक किलो भुकटींत १० लक्ष एककें असल्याचें लिहिलें आहे. तर त्या सबंध किलोंत रेटिनॉल अवघें ०.३ ग्रॅम झालें. इतकें सूक्ष्म द्रव्य भुकटींतून निवडून तराजूनें तोलतां येत नाहीं.

पूर्वीं तें उंदरांस खाऊं घालून त्यांची वाढ पाहात असत. १९२६ सालीं कार व प्राइस यांनीं अँटिमनी ट्रायक्लोराइडानें येणाऱ्या निळ्या रंगावरून मोजण्याची रीत प्रसिद्ध केली. आतां नमुना मद्यार्क व दाहक पोटॅश यांबरोबर तापवितात, मोकळें झालेलें जीवनसत्त्व द्रावकांत उतरवितात आणि क्रोमॅटोग्राफीच्या यंत्रानें इतर द्रव्यांपासून वेगळें करितात. तें अतिनील प्रकाश किती शोषून घेतें, हें शुद्ध प्रमाणद्रव्याशीं ताडून आंकडा निघतो.

परंतु यंत्र मोजतें तें आपण पाठविलेल्या नमुन्यापुरतेंच. यासाठीं एकाच गट क्रमांकाच्या अनेक बंद पिशव्या फोडून प्रत्येकीच्या वरून, मधून व तळांतून थोडी थोडी भुकटी घ्यावी. ती स्वच्छ कापडावर कालवून रास करावी, राशीचे चार भाग पाडावे, समोरासमोरचे दोन ठेवून बाकीचे बाजूस काढावे. नमुना बेताचा उरेपर्यंत असेंच करावें. प्रकाश, हवा व उष्णता यांनीं हें जीवनसत्त्व नासतें; म्हणून नमुना गडद रंगाच्या हवाबंद बाटलींत भरून, गट क्रमांक व तारीख लिहून, विनाविलंब धाडावा.

त्याच गटाची पूर्वीं उघडलेली पिशवी गोठ्यांत असल्यास तिचा नमुना वेगळा पाठवावा. बंद मालच कमी भरला, तर विक्रेत्यास अवश्य जाब विचारावा. बंद माल पुरा व उघडा तेवढा उणा भरला, तर दोष आपल्या सांठवणीचा. तो आपणच सुधारावयास हवा.