सभेचे इतिवृत्त

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा एक विस्तृत मराठी शिलालेख आहे. सरफोजीराजे (दुसरे) यांच्या आज्ञेवरून तो १८०३ साली कोरण्यात आला. त्याचा मजकूर बाबूराव चिटणीस यांनी तयार केला. ‘चिटणीस’ हा शब्द आजही मंडळांच्या व संस्थांच्या कार्यकारिणीत तुम्हांला आढळेल आणि सभेचे इतिवृत्त लिहिण्याचे काम बहुधा त्याच पदाकडे असते.

शिलालेखासाठी देवनागरी वापरणाऱ्या या दरबाराचा रोजचा कारभार मात्र मोडी लिपीत चाले. हात फारसा न उचलता, शब्दांत अंतर न सोडता मोडी भराभर लिहिता येते. तंजावरच्या मराठी राज्याचा काळ १६७६ ते १८५५ असा आहे. या राज्याच्या कारभाराची मोडी कागदपत्रे सरस्वती महाल ग्रंथालयात रुमालांत बांधून जतन केलेली आहेत. त्यांपैकी निवडक कागदांचे तमिळ अनुवाद तंजावरच्याच तमिळ विद्यापीठाने १९८९ मध्ये प्रसिद्ध केले. कागद लिहिणाऱ्या कारकुनाच्या डोळ्यांसमोर फार तर त्याचा वरिष्ठ अधिकारी असेल. वाचला मात्र तो दुसऱ्या भाषेच्या अभ्यासकाने, तेही कितीतरी वर्षांनी. कोणाला, किती, कशासाठी हे कागदावर आहे, म्हणूनच त्याला त्यातून काही कळते.

इतिवृत्ताचेही असेच आहे. ते सभेला हजर असलेल्यांसाठी नसते, कारण त्यांना सर्व ठाऊक असते. जो हजर नव्हता आणि ज्याला त्या निर्णयावरून पुढे काम करायचे आहे, त्याच्यासाठी ते लिहायचे असते.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका संस्थेत जुन्या मोडी कागदांची सूची करण्याचे काम चालू आहे. मोडी वाचणारे चार जाणकार पानामागे ४० रुपये मानधनावर काम करतात. मानधन वाढवावे अशी त्यांची मागणी आहे. समितीची सभा होते, तासभर बोलणे होते आणि सर्वांच्या मते वाढ मंजूर होते. इतिवृत्तात मात्र एवढेच येते :

‘मोडी वाचकांच्या मानधनाबाबत सविस्तर व सकारात्मक चर्चा झाली. सर्वांनी आपापली मते मांडली. योग्य ती कार्यवाही करावी असे ठरले.’

वाक्ये शुद्ध आहेत, भाषाही भारदस्त आहे. पण महिनाअखेरीस देयक लेखापालाकडे जाते तेव्हा तो विचारतो, “ठराव कुठे आहे?” किती वाढ, कोणत्या तारखेपासून, कोणत्या खर्चातून, हे कशातच नाही. लेखापाल जुन्याच दराने पैसे देतो आणि त्याचे काही चुकत नाही. दरम्यान अध्यक्ष बदललेले असतात. ‘आम्ही तर हो म्हटले होते’ ही सदस्यांची आठवण खरी असली, तरी तिच्या आधारे एक रुपयाही देता येत नाही. चौघांपैकी एखादा काम सोडून गेला, तर त्याच्या जागी मोडी जाणणारा दुसरा मिळणे सोपे नाही.

आता हीच नोंद अशी वाचा :

‘विषय क्र. ३ : मोडी वाचकांचे मानधन. सध्याचा दर प्रतिपान ४० रु. आहे. तो १ एप्रिलपासून ६० रु. करावा. वाढीव खर्च सूचीकार्याच्या तरतुदीतून भागवावा. ग्रंथपालांनी सुधारित आदेश १५ एप्रिलपर्यंत काढावा. ठराव एकमताने मंजूर.’ त्याखाली सूचक व अनुमोदक यांची नावे.

तासाभराच्या चर्चेतून पाच-सहा ओळी उरल्या. कोण काय म्हणाले, याला यात जागा नाही. अपवाद एकच : एखाद्या सदस्याने आपला विरोध नोंदवून घेण्यास सांगितले, तर तो त्याच्या नावानिशी नोंदवावा. ‘सविस्तर चर्चा झाली’ हे वाक्य इतिवृत्तांतून हद्दपार झाले, तरी निम्मे दोष जातील.

आरंभी संस्थेचे नाव, सभेची तारीख, वेळ व ठिकाण, अध्यक्षांचे नाव, उपस्थित व अनुपस्थित सदस्य आणि गणपूर्ती झाल्याची नोंद असते. पहिला विषय बहुधा मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे हा असतो. पुढील विषयांचा क्रम विषयपत्रिकेप्रमाणेच ठेवावा. सभा चालू असताना फक्त कच्चे टिपण घ्यावे, पण ठराव मात्र त्याच वेळी शब्दशः उतरवून सभेला वाचून दाखवावा. ‘असेच ठरले ना?’ असे तिथेच विचारायला चिटणिसाने संकोच करू नये, कारण नंतर विचारून उपयोग नसतो. टिपणावरून पक्की प्रत दोन-तीन दिवसांतच करावी. आठवड्याने आपलेच टिपण आपल्याला परके वाटू लागते.

कायद्यानेही या वहीला मान दिला आहे. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम ११८ नुसार कंपनीच्या सभेचे इतिवृत्त सभेनंतर ३० दिवसांच्या आत वहीत नोंदवावे लागते. वहीच्या पानांना सलग क्रमांक असावे लागतात आणि रीतसर ठेवलेले इतिवृत्त सभेतील कामकाजाचा पुरावा मानले जाते. कागद वहीत चिकटवण्याची मात्र नियमांनुसार मुभा नाही. चिकटवलेला कागद काढताही येतो, हे त्यामागचे कारण सहज ध्यानात येईल. अध्यक्षांच्या सहीनंतर वहीत परस्पर खाडाखोड करू नये. चूक आढळल्यास ती पुढील सभेत, इतिवृत्त कायम करताना, सांगून दुरुस्त करावी.

करून पाहा : पुढील नोंद वाचा. ‘कार्यालयातील पिण्याच्या पाण्याच्या समस्येवर सर्वांनी तीव्र नाराजी व्यक्त केली. लवकरात लवकर उपाय करण्याचे ठरले.’ या नोंदीवरून काम करायचे झाल्यास तुम्हांला कोणते प्रश्न पडतील, ते प्रथम लिहा. मग त्यांची उत्तरे कल्पून नोंद पुन्हा लिहा आणि सभेला हजर नसलेल्या व्यक्तीला वाचायला द्या. तिने एकही प्रश्न विचारला, तर तो प्रश्न नोंदीच्या समासात लिहून ठेवा.