शाळेचे मैदान आणि प्लॅस्टिकचे गवत

मागच्या उन्हाळ्यात आमच्या आळीतला एक पोरगा तालुक्याला क्रिकेट खेळून आला. रात्री पारावर येऊन बसला आणि सांगू लागला, "गुरुजी, काय मैदान आहे! हिरवेगार. एक खडा नाही, एक काटा नाही. दिवे लावून खेळलो. तासाचे पैसे घेतात, पण आम्ही बाराजण होतो, वाटून घेतले. त्याला टर्फ म्हणतात. आपल्या शाळेच्या मैदानावर असे टर्फ का करू नये?"

पारावर म्हातारी माणसे होती, तरणीही होती. एकजण म्हणाला, करायलाच पाहिजे. दुसरा म्हणाला, मग आमच्या म्हशींनी बसायचे कुठे? सगळे हसले. पण पोराचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मी त्याला म्हणालो, "बाळ, थोडे वाचतो आणि मग सांगतो." जे वाचले ते इथे लिहीत आहे.

आधी हे गवत म्हणजे काय ते पाहू. हे गवत उगवत नाही, ते कारखान्यात तयार होते. गालिचा असतो ना, तसेच. खाली जाड कापडासारखी पाठ असते. तिच्यातून प्लॅस्टिकच्या हिरव्या पात्या वर काढलेल्या असतात. आधी जमीन खणून सपाट करतात. खडीचा थर देतात, म्हणजे पावसाचे पाणी खाली निघून जाते. त्यावर हा गालिचा अंथरतात. पात्या उभ्या राहाव्यात म्हणून त्यांच्यामध्ये वाळू आणि रबराचा चुरा भरतात. हा चुरा बहुतेक वेळा जुन्या टायरांचा असतो. एका मोठ्या फुटबॉलच्या मैदानाला हजारो टायर लागतात.

अशा गवताचे पहिले मोठे मैदान एका शाळेतच झाले. अमेरिकेत प्रॉव्हिडन्स नावाचे शहर आहे. तिथल्या मोझेस ब्राऊन शाळेत १९६४ साली ते अंथरले. पण जगात त्याचा गाजावाजा झाला तो ह्यूस्टन शहरामुळे, आणि ती हकिकत मजेची आहे. १९६५ साली त्या शहरात छप्पर असलेले एक प्रचंड क्रीडागृह उघडले. आत खरे गवत लावले होते. गवताला ऊन मिळावे म्हणून छपराला आरपार दिसणारी तावदाने बसवली. पण उंच उडालेला चेंडू पाहायला खेळाडू मान वर करी, तो त्याचे डोळे दिपून जात आणि चेंडू दिसेनासा होई. मग तावदानांना रंग फासला. रंग फासला तसे ऊन बंद झाले, आणि ऊन बंद झाले तसे गवत मेले. काही दिवस त्या मेलेल्या गवतालाच हिरवा रंग देऊन खेळ चालवला! शेवटी १९६६ साली प्लॅस्टिकचे गवत आणून अंथरले.

आपल्या देशाला या गवताने चांगलेच रडवले आहे. हॉकीत १९२८ पासून दर ऑलिंपिकला भारताला पदक मिळत आले होते. १९७५ साली आपण विश्वचषकही जिंकला. पुढच्याच वर्षी कॅनडात मॉन्ट्रियल शहरी ऑलिंपिक झाले. तिथे हॉकी पहिल्यांदा खोट्या गवतावर खेळवली. भारत सातवा आला. या गवतावर चेंडू फार वेगाने पळतो. आपली पोरे माती-गवतावर शिकलेली. केवळ गवतामुळे हरलो असे मी म्हणणार नाही, कारण १९८० साली मॉस्कोला त्याच गवतावर आपण सुवर्णपदक मिळवले. पण त्यानंतर हॉकीचे पुढचे पदक मिळायला २०२१ साल उजाडले. तेव्हा आमच्या आळीतला पोरगा म्हणतो त्यात तथ्य आहे. मोठे सामने ज्या जमिनीवर होतात, ती जमीन पोरांच्या पायांना ठाऊक नसेल तर पोरे मागे पडतात. कबड्डीचेही आता तेच झाले आहे. मोठे सामने मॅटवर होतात. खेड्यातली पोरगी मातीवर तयार होते आणि जिल्ह्याला गेली की मॅटवर तिचा पाय अडखळतो.

आता ज्या भांडणामुळे हा पाठ लिहायला घेतला, त्याकडे येतो.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ, मॅसॅच्युसेट्स राज्यात, मार्थाज व्हिनयार्ड नावाचे बेट आहे. बेटावर बारमाही राहणारी माणसे सुमारे वीस हजार. गावे सहा. या सहा गावांत मिळून मोठ्या मुलांची एक सामाईक सरकारी शाळा, ओक ब्लफ्स नावाच्या गावी. म्हणजे शाळा सहाजणांची, मैदान सहाजणांचे आणि खर्चही सहाजणांचा. आपल्याकडे सामाईक विहिरीचे जसे असते, तसेच म्हणा ना.

या शाळेचे मैदान खराब झाले होते. शाळेची पोरे खेळत, गावातली छोटी पोरेही खेळत. फुटबॉल, हॉकी, आणखी कितीतरी खेळ. गवताला विसावा म्हणून नाही. जमीन कुठे कडक, कुठे खड्डा. पोरांचे पाय मुरगळत. शाळेच्या मंडळाने ठरवले, मुख्य मैदानावर प्लॅस्टिकचे गवत घालू. ते पावसात चिखल होत नाही, थंडीत मरत नाही, सकाळपासून रात्रीपर्यंत कितीही संघ खेळोत. बरेच पालक म्हणाले, अगदी बरोबर. आमची पोरे आज शाळेत आहेत. त्यांना मैदान आज हवे, दहा वर्षांनी नको.

विरोध झाला तो मुख्यतः पाण्यावरून. हे बेट आहे. चारी बाजूंना समुद्र. प्यायचे पाणी काय ते जमिनीखालचे. ते नासले तर दुसरीकडून आणायची सोय नाही. विरोधक म्हणाले, या प्लॅस्टिकमध्ये पीफास नावाची रसायने असू शकतात. ती पावसाबरोबर झिरपून खाली गेली तर काय करायचे?

हे पीफास काय आहे ते नीट समजून घ्या, कारण सगळा वाद त्याच्यापाशी अडला. ही एक रसायनांची मोठी भावकी आहे. तेल, पाणी चिकटू नये म्हणून भांड्यांना, कापडांना आणि कागदांना त्यांचा लेप देतात. अन्न न चिकटणारा तवा बाजारात मिळतो, त्यात या भावकीतली वस्तू असते. गूळ पाण्यात विरघळतो, शेण मातीत कुजते, लाकूड वाळवी खाते. ही रसायने मात्र कुजत नाहीत की मोडत नाहीत. पाण्यात गेली की तिथेच राहतात, आणि त्यांतली काही माणसाच्या रक्तातही साठतात. त्यांतल्या दोन जुन्या रसायनांसाठी अमेरिकेच्या सरकारने २०२४ साली पिण्याच्या पाण्याची मर्यादा ठरवली. ती किती? एक लाख कोटी भाग पाण्यात चार भाग. हा आकडा डोळ्यांपुढे येत नाही, म्हणून मी हिशेब करून पाहिला. दहा हजार लिटरचे पाच हजार टँकर उभे करा. त्या सगळ्यांत मिळून चार थेंब. इतके थोडे असले तरी मर्यादा भरली.

बेटावरच्या मैदानासाठी जे गवत निवडले होते, त्याचे तुकडे प्रयोगशाळेत तपासले गेले. या रसायनांचे अल्प अंश सापडले. मग एकच कागद वाचून दोन पक्षांनी दोन गोष्टी सांगितल्या. शाळेचा पक्ष म्हणाला, एवढे अंश आज सगळीकडेच सापडतात, मातीत आणि पावसातही. दुसरा पक्ष म्हणाला, सगळीकडे आहे म्हणून आणखी आपल्या हाताने घालायचे का? मला विचाराल तर दोघेही खोटे बोलत नव्हते.

टायरच्या चुऱ्याचे दुखणे तिथे नव्हते. त्या मैदानात रबराऐवजी लाकडाचा बारीक भुगा घालायचा बेत होता. पण इतर गावांत चुऱ्यावरूनही भांडणे झाली आहेत. त्यावर अमेरिकेच्या सरकारी संशोधकांनी २०१९ साली अहवाल दिला. चुऱ्यात रसायने आहेत, पण ती त्यातून सुटून माणसाच्या अंगात जाण्याचे प्रमाण थोडे दिसते, असे त्यांनी म्हटले. युरोपातल्या देशांनी निराळाच मुद्दा धरला. चुरा पोरांच्या बुटांतून आणि पावसाच्या पाण्यातून बाहेर जातो, ओढ्या-नद्यांत पोचतो आणि तिथे कायमचा राहतो. म्हणून २०२३ साली त्यांनी कायदा केला की २०३१ नंतर मैदानासाठी असा प्लॅस्टिक-रबराचा चुरा विकायचा नाही. बंदी चुऱ्यावर आहे, गवतावर नाही, हे ध्यानात ठेवा. बोस्टन शहराने मात्र २०२२ साली ठरवले की शहराच्या बागांत आता नवे खोटे गवतच नको.

बेटावर पुढे काय झाले? साऱ्या बेटाचे एक नियोजन मंडळ आहे. त्याने महिनोन् महिने उघड सभा घेतल्या. कोणीही यावे, नाव सांगावे, बोलावे. प्रत्येकाचे म्हणणे लिहून घेतले. पोरे बोलली, आया बोलल्या, पाण्याचे जाणकार बोलले. २०२१ साली मंडळाने मत घेतले आणि मैदानाला परवानगी दिली. पण मैदान ज्या गावच्या हद्दीत, त्या ओक ब्लफ्स गावाचे स्वतःचे मंडळ होते. त्याने २०२२ साली पाण्याचे कारण देऊन परवानगी नाकारली. शाळा कोर्टात गेली. त्या राज्याच्या जुन्या कायद्याप्रमाणे, शाळेने आपल्या जागेत काय बांधावे यात गावाला फारसे आडवे येता येत नाही. कोर्टाने शाळेच्या बाजूने कौल दिला. तरी वाद मिटला नाही. गावच्या आरोग्य मंडळाने पाण्याचा प्रश्न पुन्हा हाती घेतला.

या सगळ्यात काही वर्षे गेली. वाद सुरू झाला तेव्हा जी पोरे त्या खड्ड्यांच्या मैदानावर पळत होती, ती शाळा संपवून निघून गेली. हे वाचताना मला वाईट वाटले. मी मास्तर माणूस. पाण्याची काळजी करणाऱ्यांना मी दोष देत नाही. पण पोराची शाळेतली चार वर्षे परत येत नाहीत. वाद चालू असतानाच जुन्या मैदानाचे खड्डे कोणी बुजवले असते तर कोणाचे काय बिघडत होते?

आता आपल्या मैदानाकडे वळू. मी याच शाळेत बावीस वर्षे होतो, म्हणून जरा आपलेपणाने बोलतो. आपल्या मैदानावर सकाळी प्रार्थना होते. दुपारी कबड्डी, खो-खो. सव्वीस जानेवारीला झेंडा. यात्रेत कुस्त्या. लग्नसराईत मांडव. सुगीत कोणाची ज्वारी वाळत पडते, आणि मतदानाला रांगही तिथेच लागते. प्लॅस्टिकचे गवत घातले की मांडवाची मेख ठोकता येणार नाही. चूल पेटवता येणार नाही. जनावर आत येऊ द्यायचे नाही, म्हणजे भोवती जाळी आणि फाटकाला कुलूप आले. किल्ली कोणाकडे? तासाचे पैसे ठरले तर ज्याच्या खिशात पैसे नाहीत त्या पोराने जाळीबाहेर उभे राहायचे का? आणि मुलींचा तास कोणता? तालुक्याच्या टर्फवर मी सहज चौकशी केली. संध्याकाळी मुली फारशा दिसत नाहीत, असे उत्तर मिळाले.

शिवाय ऊन. अमेरिकेत युटा राज्यातल्या एका विद्यापीठाने २००२ साली मोजून पाहिले. हवा ३७ अंश असताना खोट्या गवताचा पृष्ठभाग ९३ अंशांपर्यंत तापला होता. पाणी उकळते शंभराला, हे तुम्ही शिकला आहात. पाणी मारले तर ते निवते, पण वीस मिनिटांत पुन्हा तापते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत हवाच चाळिशीच्या वर जाते. बायका हंडा घेऊन टँकरची वाट पाहत असताना मैदान निववायला पाणी मारायचे, हे मला तरी पटत नाही. आणि हा गालिचा आठ-दहा वर्षांत झिजतो. मग तो गुंडाळून टाकायचा कुठे, आणि नवा आणायला पैसे कोण देणार?

मी पोराला बोलावून हे सारे सांगितले. तो म्हणाला, "म्हणजे आम्ही दगडांतच पडायचे का?" प्रश्न रास्त होता. मी म्हणालो, "नाही. दगड वेचायचे. जमीन सारखी करायची, रोलर फिरवायचा. कबड्डीला मॅट आणू. ती अंथरता येते, गुंडाळून खोलीतही ठेवता येते. आणि उरलेल्या भागात हरळी लावू."

"हरळी?" तो हसला. "बाबा तर तिला शिव्या देतात."

शेतात हरळी शिरली की कपाळाला हात लावावा लागतो, हे खरे. उपटली तरी पुन्हा फुटते. पण म्हणूनच मैदानाला ती चांगली. तुडवली तरी मरत नाही, उन्हाला दाद देत नाही, आणि जमिनीवर पसरत जाऊन मोकळी जागा आपणच झाकून घेते. गरम देशांत मोठमोठ्या मैदानांवर याच जातीचे गवत लावतात. फक्त लावल्यावर काही आठवडे तिच्यावर कोणी खेळायचे नाही, आणि पुढेही मैदानाचा एक भाग आळीपाळीने मोकळा ठेवायचा. हे मात्र जमवावे लागेल. क्रिकेटवाले आणि मांडववाले, दोघांनाही आधी विचारले पाहिजे. विषय ग्रामसभेत ठेवायचा आहे.

तो पोरगा अजून तालुक्याला खेळायला जातो. जाऊ दे, तिथे दिवे आहेत. पण परवा तो विचारत होता, "गुरुजी, हरळी आणायची कुठून?" मी म्हणालो, "माझ्या बांधावर हवी तेवढी आहे. दोन पाऊस झाले की खुरपे घेऊन ये."