वीट झालेला मोबाईल पुन्हा जागा होतो का?



मोबाईलमध्ये नवी प्रणाली भरताना केबल मधेच निघाली किंवा दुसऱ्याच मॉडेलची फाईल भरली गेली, तर फोन गप्प होतो. पडदा काळा, बटण दाबूनही हालचाल नाही. फोनची ‘वीट’ झाली, असे तंत्रज्ञ म्हणतात. पण अशी प्रत्येक वीट निर्जीव नसते. का, ते पाहू.

फोन पायरीपायरीने जागा होतो. पहिली पायरी म्हणजे बूट रॉम. हा छोटा प्रोग्राम कारखान्यातच चिपमध्ये कोरलेला असतो. तो पुसता येत नाही. तो बूटलोडरला उठवतो, बूटलोडर लिनक्स कर्नलला, आणि शेवटी अँड्रॉइड सुरू होते. बूटलोडर बिघडला तरी बूट रॉम शाबूत राहतो आणि यूएसबीवरून संगणकाशी बोलू शकतो. क्वालकॉमच्या चिपमध्ये या सोयीला ईडीएल म्हणतात. दुरुस्तीची सारी मदार या मागच्या दारावर असते.

मीडियाटेक चिपच्या अनेक फोनसाठी एसपी फ्लॅश टूल वापरतात. क्रम असा:

१. आधी फोन तासभर चार्ज करा. कित्येकदा बॅटरीच संपलेली असते!
२. संगणकात ड्रायव्हर बसवा.
३. नेमक्या त्याच मॉडेलची प्रणाली घ्या. तिच्यातील स्कॅटर फाईल म्हणजे कोणता भाग मेमरीत कुठे लिहायचा याचा नकाशा.
४. ‘डाउनलोड ओन्ली’ निवडून डाउनलोडचे बटण दाबा आणि मग बंद फोन केबलने जोडा.

याच यादीत ‘फॉरमॅट ऑल’ हा पर्यायही दिसतो. त्याला हात लावू नका. त्याने फोटो तर जातातच, शिवाय फोनची ओळख असलेला १५ अंकी आयएमईआय क्रमांकही पुसला जाऊ शकतो; मग फोन सुरू होऊनही नेटवर्क मिळत नाही. या क्रमांकात फेरफार करणे २०२३ च्या दूरसंचार कायद्यानुसार गुन्हा आहे. नव्या अनेक फोनमध्ये कंपनीच्या परवानगीशिवाय हे मागचे दार उघडतच नाही; तेथे अधिकृत दुरुस्ती केंद्रच गाठावे.

पालकांना एक विनंती. आजचे फोन माहिती कुलूपबंद करून ठेवतात. किल्ली पुसली गेली, तर फोन जिवंत होतो, पण आजोबांचा आवाज आणि मुलांचे बालपणीचे फोटो परत येत नाहीत. त्यांची प्रत आजच दुसरीकडे ठेवा.

स्वाध्याय : घरातील फोनवर *#06# दाबा आणि दिसणारा क्रमांक फोनच्या पावतीवर लिहून ठेवा.