नियम का बदलतात? लॅक्रॉसच्या खेळावरून एक धडा

खेळाचे नियम कोणीतरी एकदा लिहून ठेवले आणि पुढच्या पिढ्यांनी ते निमूटपणे पाळले, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाही. १७७१ साली इंग्लंडात चर्टसी संघाचा एक फलंदाज हॅम्बल्डन संघाविरुद्ध खेळावयास उतरला तो यष्ट्यांइतकी रुंद बॅट घेऊन! बॅट किती रुंद असावी याविषयी तोपर्यंत काही नियमच नव्हता. त्यानंतर सव्वाचार इंचांची मर्यादा घालण्यात आली आणि ती आजतागायत चालू आहे. तात्पर्य, हातातले साधन बदलले की खेळ बदलतो. आणि खेळ बदलला की नियमाला त्याच्या पाठोपाठ धावावे लागते. ही धावाधाव अमेरिकेतील महाविद्यालयीन तरुणांच्या लॅक्रॉस या खेळात फार स्पष्ट दिसते. म्हणून या लेखात आम्ही त्या खेळाची ओळख करून देण्याचे योजिले आहे.

लॅक्रॉस हा मूळचा उत्तर अमेरिकेतील आदिवासींचा खेळ. हौडेनोसौनी आदी जमाती तो केवळ करमणूक म्हणून नव्हे, तर श्रद्धेने खेळत आल्या आहेत. सतराव्या शतकात तेथे गेलेल्या फ्रेंच मिशनऱ्यांनी त्याची वर्णने लिहून ठेविली; खेळाचे आजचे नावही फ्रेंच भाषेतलेच. पुढे १८६७ च्या सुमारास माँट्रियल शहरातील विल्यम जॉर्ज बीअर्स या दंतवैद्याने त्याला लिखित नियमांची चौकट दिली.

पुरुषांच्या सामन्यात दोन्ही बाजूंना दहा-दहा गडी असतात. मैदान ११० यार्ड लांब व ६० यार्ड रुंद असते. गोलाची चौकट सहा फूट उंच व सहा फूट रुंद असून तिच्याभोवती नऊ फूट त्रिज्येचे वर्तुळ आखलेले असते. चेंडू भरीव रबराचा, वजनाने पाच ते सव्वापाच औंस. त्याला हाताने धरावयाचे नाही. टोकाला जाळी असलेल्या काठीने तो झेलावयाचा, वाहून न्यावयाचा आणि फेकावयाचा. सामान्य काठी ४० ते ४२ इंच लांब असते. प्रत्येक बाजूच्या चार गड्यांना मात्र ५२ ते ७२ इंचांची लांब काठी वापरता येते. धावताना चेंडू जाळीत टिकावा म्हणून खेळाडू पाळण्यासारखी काठी सतत झुलवीत राहतो. प्रतिपक्षी आपल्या काठीने त्याच्या काठीवर आघात करून चेंडू पाडू पाहतो. चेंडू जवळ बाळगता यावा, पण तो हिरावूनही घेता यावा, हेच या खेळाचे मर्म होय. पुढे सांगितलेले बहुतेक नियम हे मर्म राखण्यासाठीच झाले आहेत.

पूर्वी काठी लाकडाची असे आणि जाळी चामड्याच्या वाद्या व तात यांनी विणलेली असे. जाळीच्या एका बाजूस लाकडाची भिंत, तर दुसऱ्या बाजूस तातीची. त्यामुळे काठी उजव्या किंवा डाव्या हातालाच सोयीची होई. १९७० च्या सुमारास बॉल्टिमोरमध्ये प्लास्टिकचा साचा निघाला. दोन्ही बाजू सारख्या झाल्या, काठी हलकी झाली आणि खेळाला वेग आला. पण प्लास्टिकला हवा तो आकार देता येतो. जाळीच्या तोंडाची रुंदी केवळ सर्वांत रुंद जागी मोजली जात असल्यामुळे कारखानदारांनी खालचा भाग चिंचोळा करीत नेला. अशा गळ्यात चेंडू इतका घट्ट बसे की, कितीही ठोसले तरी तो बाहेर पडेना. म्हणून २०१० पासून निरनिराळ्या अंतरांवर किमान रुंदी ठरवून देण्यात आली. तेव्हा कारागिरांची दृष्टी जाळीच्या विणीकडे वळली. जादा दोऱ्या इंग्रजी ‘यू’ किंवा ‘व्ही’ अक्षरासारख्या ओवून जाळीत खोल खाच करण्यात येऊ लागली. २०१३ पासून त्या दोऱ्या वरच्या कडेपासून चार इंचांच्या आतच असाव्यात असे बंधन आले. युक्तीने एक वाट काढली की नियमाने ती बुजवावी, असा हा क्रम आहे.

प्रत्येक गोलानंतर दोन प्रतिस्पर्धी जमिनीवरील चेंडूच्या दोन बाजूंना काठ्या ठेवून समोरासमोर येतात व शिट्टी होताच चेंडूसाठी झटतात. याला ‘फेस-ऑफ’ म्हणतात. काही खेळाडू एक गुडघा टेकून आणि मोटारसायकलची मूठ धरावी तसे दोन्ही तळवे काठीवर पालथे ठेवून चेंडू काठीच्या तोंडाखाली दाबून धरीत. २०२१ च्या हंगामापासून गुडघा टेकणे आणि ती पकड या दोन्ही गोष्टींना मनाई झाली.

दुसरा प्रश्न वेळेचा. पुढे असलेला संघ चेंडू इकडून तिकडे फिरवीत वेळ काढू लागला तर प्रतिपक्षाने काय करावे? २०१३ साली पंचांना अधिकार मिळाला की, चालढकल दिसल्यास इशारा द्यावा आणि त्यानंतर ३० सेकंदांत गोलावर फटका मारावयास लावावे. पण चालढकल कोणती आणि सावध खेळ कोणता, हे एका पंचास एक वाटे, तर दुसऱ्यास दुसरे. अखेर २०१९ पासून घड्याळच मैदानात आले. चेंडू मिळाल्यापासून ८० सेकंदांत फटका मारला पाहिजे आणि त्यांतील पहिल्या २० सेकंदांत मध्यरेषा ओलांडली पाहिजे. आपल्या कबड्डीत चढाईला ३० सेकंदांची मुदत असते, त्यामागील न्याय हाच. घड्याळ कोणाचाही पक्ष घेत नाही.

त्याच वर्षी, मध्यंतरी बंद केलेली गोलापुढची उडीही परत आली. वर्तुळाबाहेरून उडी घेऊन, जमिनीस टेकण्यापूर्वी चेंडू गोलात गेला तर तो गोल धरला जातो. मात्र गोलाच्या तोंडाशी, गोलरक्षकाच्या अंगावर उडी घेता येत नाही. यावरून दिसते की, नियम केवळ बंद करीत नाहीत. योग्य मर्यादा घालून ते मोकळीकही देतात.

सर्वांत महत्त्वाचा बदल प्राणरक्षणाचा आहे. वेगाने आलेला कठीण चेंडू छातीवर, हृदयाच्या नेमक्या जागी आदळला आणि तो क्षण ठोक्याच्या चक्रातील एका अतिसूक्ष्म नाजूक टप्प्यावर आला, तर निरोगी तरुणाचेही हृदय अनियमितपणे थरथरू लागते व रक्ताभिसरण थांबते. बरगडी मोडत नाही, जखम दिसत नाही, तरी खेळाडू कोसळतो. वैद्यकात याला ‘कमोशिओ कॉर्डिस’ म्हणतात. कोवळ्या वयात छातीचा पिंजरा लवचिक असल्याने हा धोका अधिक. म्हणून ठरलेल्या कसोटीस उतरलेले छातीचे कवच २०२१ पासून गोलरक्षकास आणि २०२२ पासून इतर खेळाडूंसही आवश्यक झाले. कवचाने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. क्रिकेटच्या वा हॉकीच्या चेंडूनेही असे घडू शकते. तेव्हा विद्यार्थिमित्रांनो, छातीवर मार बसून कोणी कोसळला व शुद्धीवर नसला, तर भोवती घोळका करून वारा घालीत बसू नका. मोठ्यांना हाक मारा, रुग्णवाहिका बोलवा आणि ज्याला ठाऊक असेल त्याने छाती दाबण्याचा उपचार ताबडतोब सुरू करावा. येथे एकेका मिनिटाला मोल आहे.

१६ ऑक्टोबर २०२३ रोजी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची सभा आपल्या मुंबईत भरली होती. तीत २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी क्रिकेटबरोबर लॅक्रॉसलाही मान्यता मिळाली. तेथे खेळला जाणारा प्रकार सहा-सहा गड्यांचा आहे; म्हणजे नियम पुन्हा बदलले!

नियम बदलला की कोणाची तरी आवडती युक्ती वाया जाते आणि तो कुरकुर करतो, हे स्वाभाविक आहे. परंतु वर सांगितलेला प्रत्येक बदल तीन गोष्टींपैकी एकीचे रक्षण करतो : प्रतिपक्षाची संधी, खेळाचा ओघ, अथवा खेळाडूचा जीव. आमची वाचकांना एवढीच सूचना आहे की, आपल्या कबड्डीतला, खो-खोतला किंवा क्रिकेटमधला कोणताही एक नियम घ्यावा आणि तो या तिहींपैकी कशाचे रक्षण करतो ते शोधावे. उत्तर सापडले की तो नियम पाळण्यास पंचाच्या शिट्टीची गरज उरणार नाही.