सोळा दिवसांचा खेळ, तीस वर्षांचं कर्ज: सीझनसाठी लोन काढण्याआधी हे वाचा



दिवाळी जवळ आली की मला हमखास प्रश्न येतो, "सर, सीझन जोरात आहे. लोन काढून दुकान मोठं करू का?" उत्तर देण्याआधी दोन शहरांचा हिशोब बघूया.

पहिलं शहर कॅनडातलं मॉन्ट्रियल. १९७६ चं ऑलिम्पिक तिथे झालं. यात तोटा होणं शक्यच नाही, असं महापौर ज्याँ द्रापो आधीच सांगून बसले होते. स्टेडियमचा अंदाज होता सुमारे १३.४ कोटी कॅनेडियन डॉलर. पण डिझाइन अवघड, त्यात संप आणि महागाई. उद्घाटनाची तारीख तर हलवता येत नाही! अशा वेळी समोरचा मागेल तो दर द्यावा लागतो. एवढं करूनही स्पर्धेच्या वेळी मनोरा अर्धवटच होता आणि छत नव्हतंच. व्याज, दुरुस्त्या धरून आकडा सुमारे १५० कोटींवर गेला. सिगारेटवर खास कर लावून कर्ज फेडलं, ते फिटलं २००६ मध्ये. त्याआधीच, २००४ नंतर तिथला बेसबॉल संघ शहर सोडून गेला. म्हणजे नेहमीचा भाडेकरू गेला, हप्ते मात्र चालूच.

दुसरं शहर लॉस एंजेलिस, १९८४. मॉन्ट्रियलचे हाल बघून बाकी शहरं मागे सरली होती, त्यामुळे अटी घालायची ताकद यांच्याकडे आली. मुख्य स्टेडियम १९३२ च्या ऑलिम्पिकचंच वापरलं. खेळाडू राहिले विद्यापीठांच्या हॉस्टेलमध्ये. नवीन जलतरण तलाव आणि सायकल ट्रॅक प्रायोजकांच्या पैशातून झाले. शेवटी २० कोटी डॉलरपेक्षा जास्त शिल्लक उरली.

खेळ तोच. फरक एवढाच, की एकाने गर्दीसाठी बांधलं आणि दुसऱ्याने आहे ते वापरलं.

मीही एका दिवाळीत 'मॉन्ट्रियल' केलं होतं. हप्त्यावर नवीन फर्निचर केलं. कारागिराला माहीत होतं की मला धनत्रयोदशीच्या आत काम हवंय, त्यामुळे दर त्याचाच. गर्दी आठवडाभर टिकली, हप्ते तीन वर्षं!

म्हणून पैसा लावण्याआधी वहीत तीन उत्तरं लिहा:

१. सीझन संपल्यावर ही वस्तू दर महिन्याला स्वतःचा हप्ता कमावेल का?
२. तीच वस्तू भाड्याने मिळेल का?
३. काम सुरू करण्याआधी दर लेखी ठरलाय का?

पहिलं उत्तर "नाही" आलं, तर लोन नको. मांडव भाड्याने घ्या, जास्तीचे टेबल लावा, धंदा करा. गर्दी पाहुणी असते हो, हप्ता घरातलाच होऊन बसतो.